पूर्णेपलीकडचा कापूस

वेचणी सुरू झाली की अमरावतीच्या हवेत तंतू तरंगायला लागतात. खेड्यांतून कापसाच्या गाड्या येतात, रस्त्याकडेच्या बाभळी त्यांना ओरबाडतात, आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या उन्हात काट्याकाट्यावर पांढरा पुंजका दिसतो. तो मग सुटतो, उडतो, अंगणात येतो. ताकाच्या वाटीत पडतो, पोथीच्या पानांत शिरतो, पापणीवर बसतो. सून सारखा ओटा झाडते आणि कुरकुरते. मी ओट्यावर बसून एखादा तंतू दोन अंगठ्यांत धरून ओढतो, कुठे तुटतो ते पाहतो. जन्मभर बाजारात कापसाची पारख केली; हातांची सवय जात नाही.

ह्या दिवसांत मी जरा गप्प असतो. घरच्यांना ते ठाऊक आहे. हंगाम चांगला असला, गाड्यांची रांग वेशीपर्यंत लागली, की सगळ्यांचे चेहरे उजळतात आणि मला उगाच मागे वळून पाहावंसं वाटतं. गावाबाहेर पडलो आणि एखादं वावर पांढरंशुभ्र फुटलेलं दिसलं, की मी आधी त्यात माणसं शोधतो. वाकलेली पाठ, डोक्यावरचं फडकं, कमरेला बांधलेली ओटी. एक जरी माणूस दिसलं तरी जीव भांड्यात पडतो.

मी तेव्हा नुकती विशी ओलांडली होती. समुद्रापलीकडे अमेरिका म्हणून देश आहे आणि तिथे लढाई चालली आहे, एवढंच आम्हाला कळलं होतं. त्या लढाईमुळे तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून विलायत वऱ्हाडाच्या दारात येऊन उभी राहिली. ज्यांच्या घरात धड तांब्या नव्हता त्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. लोकांनी ज्वारीच्या वावरात कापूस पेरला, गुरांची चराई मोडून कापूस पेरला, थेट उंबरठ्यापर्यंत कापूस पेरला. एका देवळात मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, एक चांगला पोक्त माणूस हात जोडून म्हणत होता, लढाई थांबू देऊ नको रे बाबा. कोण कोणाशी लढतंय हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. रहमानला मी हे सांगितलं तेव्हा तो रंगाच्या हौदात कापड बुडवत होता. म्हणाला, “तिकडं कोणाची तरी माय रडत असन, अन् इकडं आपण नवस करून राहिलो.” मग त्यानं कापड पिळून दोरीवर टाकलं आणि दुसरं हातात घेतलं.

रहमान, गुलाब, नारायण आणि मी, चौघं एकाच पंतोजींच्या शाळेतले. रहमान रंगाऱ्याच्या घरचा. गुलाब तिवसाकडच्या एका पाटलाचा मुलगा, शिकण्यासाठी मामाकडे अमरावतीला राहिलेला. नारायण भिक्षुकाच्या घरातला, आमच्यात सगळ्यांत हुशार. तो पुढे आगगाडीची वाट आखणाऱ्या साहेबाच्या हाताखाली कारकून झाला. आणि मी शंकर, तेव्हा एका अडतीत पारख शिकत होतो. पंतोजी वारले तशी शाळा मोडली, पण आम्ही मोडलो नाही. बाजाराच्या दिवशी रहमानच्या ओट्यावर भेटायचो आणि पुन्हा शाळेतल्यासारखे भांडायचो.

त्या सालची कल्पना गुलाबची. त्यानं नवी घोडी घेतली होती आणि ती कोणाला तरी दाखवल्याशिवाय त्याला चैन नव्हतं.

“आठ दिवस,” तो म्हणाला. “कामधंदा नाही, सोयरीक नाही. नुसतं फिराचं. अकोला, मंग तेल्हारा, अकोट, दर्यापूर करून वापस.”

“पण काहून?” मी विचारलं.

“पंतोजी काय म्हणे? वऱ्हाड केवढं हाय ते एकडाव पायाखाली घालून पाहा. पाह्यलं का तुमी कोणी?”

कोणीच पाहिलं नव्हतं. नारायणनं साहेबाकडून सुटी काढली. रहमाननं पाण्याची मशक आणि गुळाची ढेप बांधून घेतली. त्याच्याकडे, नारायणकडे आणि माझ्याकडे भाड्याची तट्टं होती. माझं तट्टू डाव्या बाजूला ओढायचं, त्यामुळे मी सगळा प्रवास उजवीकडे कलून केला.

बडनेऱ्यापुढे रस्ता मोकळा झाला तेव्हाचा आनंद अजून अंगावर आहे. पहाटेचा गारवा, दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर पांढरं फुटत चाललेलं रान, लगामाच्या कड्यांचा आवाज. गुलाबनं एकाएकी पावकीचा पाढा सुरू केला आणि आम्ही तिघांनी मागून धरला. पावकी, निमकी, पाऊणकी, शाळेतल्या त्याच हेलात, घोड्याच्या टापांवर. समोरून येणारे गाडीवान बैल थांबवून पाहत राहिले. चार दाढीमिशीवाले गडी पाढे म्हणत कुठे चालले आहेत हे त्यांना कळेना. आम्हालाही कुठे कळत होतं? त्या सकाळी आमच्याइतकं मोकळं वऱ्हाडात कोणी नसेल.

पण नुसतं फिरणं लोकांना पटत नव्हतं. पहिल्या मुक्कामाच्या गावात चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्या पाटलानं आम्हाला पाणी दिलं, घोड्यांना कडबा दिला, मग विचारलं, “कापूस घ्याले आले?”

“नाही.”

“मंग इकाले? दलाल हा का?”

“नाही जी.”

“लगीन? मयत?”

“काहीच नाही. असंच फिरून राहिलो,” गुलाब हसत म्हणाला.

म्हातारा हसला नाही. त्यानं आमच्या चौघांच्या तोंडाकडे पाळीपाळीनं पाहिलं. त्या दिवसांत रस्त्यावरचा प्रत्येक माणूस काहीतरी घेऊन जात होता नाहीतर आणायला निघाला होता. काही न नेणारा, काही न आणणारा माणूस म्हणजे काय, हे त्याच्या डोक्यात बसेना. “काहीतं असनच,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला आणि उठून आत गेला. मागून दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

मूर्तिजापूर मागे टाकलं आणि दुपारी एका गावच्या शिवेवर रहमानचं तट्टू थबकलं. टाच मारली तरी पुढे जाईना. वाटेच्या मधोमध एक लाकडाचा गाडा उभा होता. लहान, मुलांच्या खेळण्याएवढा, पण नीट घडवलेला. चाकं, जू, सगळं होतं. त्यात कुंकवानं माखलेला दगड, हिरव्या बांगड्या, कापलेलं लिंबू. बाजूला पाय बांधलेली कोंबडी पडली होती, जिवंत.

“हात नको लावू,” गुलाब म्हणाला. “मरीमायचा गाडा हाय. गावात मरी आली का मायले गाड्यात बसवतात अन् शिवेपार लोटून देतात. पुढच्या गावानं आणखी पुढं लोटाचं.”

“अन् पुढच्यानं नाही लोटलं तं?” रहमाननं विचारलं.

“मंग थे तिथंच राह्यते.”

गाड्याचं तोंड मावळतीकडे होतं. आम्ही वावरातून वळसा घातला. दुसऱ्या दिवशी आणखी एका शिवेवर तसाच गाडा दिसला, त्याचंही तोंड तिकडेच. गुलाब म्हणाला, मायनंबी आपल्यासंगं अकोल्याची वाट धरली. आम्ही हसलो. नारायण हसला नाही. त्यानं खिशातली कातडी पिशवी चाचपली. तिच्यात साहेबाच्या डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या होत्या, अफू-कापराच्या. साहेबाच्या छावणीत मागच्या उन्हाळ्यात ह्याच मरीनं, पटकीनं, माणसं मेली होती आणि नारायणनं ती पाहिली होती.

“औषधापेक्षा पथ्य मोठं,” तो मला म्हणाला. “रोगी पाणी पाणी करतो. एक थेंब द्यायचा नाही. दिलं की गेला. डॉक्टरही हेच सांगतो, आपला वैद्यही हेच सांगतो.” तो सांगत होता ते खरंच तसं होतं. तेव्हा सगळ्यांचं ह्या एका गोष्टीवर एकमत होतं.

अकोल्यात मोर्णेकाठच्या उघड्या मैदानावर कापसाचे ढीग घरांच्या वर गेले होते. ओसरीओसरीवर बाया रेच्यावर सरकी काढत होत्या आणि त्या लाकडी रुळांचं कुरकुरणं गल्लीगल्लीतून ऐकू येत होतं. खाणावळीत मात्र ताटात एकच भाकर पडली, तीही तळहाताएवढी. मालक म्हणाला, “ज्वारी कोठून आणू? सारं वावर पांढरं झालं. कापूस खाता का?” त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. जेवता जेवता शेजारच्या पंगतीतल्या एका गाडीवानानं आमचा रोख विचारला आणि तेल्हाऱ्याचं नाव ऐकून त्यानं हातातला घास खाली ठेवला.

“पूर्णेपलीकडं जाऊ नका,” तो म्हणाला. “मी गाडी रिकामी घेऊन वापस आलो.”

एवढा भाव असताना रिकामी गाडी परत येते, हे ऐकूनच माणसानं थांबायला हवं होतं. रात्री आम्ही बोललो. रहमान म्हणाला, परत फिरू. पण लहानपणापासून अमरावतीहून सातपुड्याची नुसती निळी रेघ पाहिली होती, ती एकदा जवळून पाहायची गुलाबला हौस होती. नारायण म्हणाला, गोळ्या आहेत, पथ्य सांभाळू, एका दिवसाचं तर अंतर. वयच असं होतं की काळजी करणारा माणूस भित्रा वाटतो. सकाळी आम्ही उत्तरेकडे निघालो.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारं पाणी लागतं. विहीर कितीही खोल खणा, तोंडात धरवत नाही. लोक नदीच्या डोहातलं नाहीतर तळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी पितात. त्या साली पाऊस लवकर उघडला होता; तळी आटली होती आणि नदीत थोडे डोह तेवढे उरले होते. आम्ही उतारावर आलो तेव्हा पलीकडच्या काठावर चार-पाच जागी धूर दिसत होता. मला वाटलं विटांच्या भट्ट्या असतील. पाण्यातून घोडी घालता घालता वास आला तेव्हा कळलं, त्या चिता होत्या. गुलाबनं तोवर ओंजळीनं डोहातलं पाणी पिऊन घेतलं होतं.

वर चढलो आणि समोर कापूस. मी इतका कापूस त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. बोंडं फुटून, लोंबून, खाली गळून जमिनीवर पसरली होती. नजर जाईल तिथवर पांढरं, आणि त्यात एक माणूस नाही. वाऱ्यानं कापूस सुटून काट्याकुपाट्यांत अडकत होता. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. ज्याच्या एकेका बोंडासाठी माणसं माणसांच्या उरावर बसत होती तो कापूस तिथे मातीत मिसळत होता आणि त्याला हात लावायला कोणी नव्हतं. माझा पारखी हात शिवशिवला नाही. मी लगाम घट्ट धरला.

मग दूर एक फडकं हललं. एक बाई एकटीच वेचत होती, जणू भोवती नेहमीसारखा हंगाम चालला आहे. आम्ही जवळ गेलो तरी तिचे हात थांबले नाहीत. गुलाबनं गावाची वाट विचारली.

“गावात काय हाय?” ती म्हणाली. “जे उठू शकत होते ते रानात गेले. बाकीचे नाही उठत.”

“अन् तुमी?”

“मले कोठी जाचं हाय?”

तिचं नाव सारजाबाई. पुढचे दिवस आम्ही तिच्याच वावरात काढले, कारण संध्याकाळ व्हायच्या आत गुलाब घोडीवरून उतरला, चार पावलं चालला आणि पोट धरून खाली बसला.

त्या रोगाचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिला त्यांना नको आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांनाही नको. एवढंच सांगतो की परवापरवा पाढे म्हणणाऱ्या धिप्पाड माणसाचे डोळे अंधार पडेस्तोवर खोबणीत गेले होते, बोटांची कातडी पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली होती आणि आवाज कुठून तरी विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता. सारजाबाईच्या गवताच्या खोपडीत वेचलेल्या कापसाचा ढीग होता. त्यावर त्याला निजवलं. ढीग भिजला, खराब झाला, तिनं नवा कापूस आणून वर टाकला. मी काही बोलायला लागलो तर म्हणाली, “राहू दे बापू. कोणासाठी ठेवू?”

सकाळी रहमान आणि मी मदत मागायला पुढच्या गावाकडे गेलो. शिवेवर काठ्या घेऊन माणसं उभी होती. त्यांना आमची बातमी आमच्याआधी पोचली होती.

“तुमीच ते,” त्यांच्यातला एक म्हणाला. “ना घेत, ना इकत. नुसते गावोगाव फिरून राहिले. जिथं जिथं मुक्काम केला तिथं मरी आली.”

“आम्ही मरीच्या मागून आलो, पुढून नाही,” रहमान म्हणाला. “आमचा माणूस पडला हाय. खाट द्या, एक गाडी द्या.”

“वापस जा.”

“कोठी वापस जाऊ? मागचेबी काठ्याच घेऊन हायेत.”

त्या माणसानं काठी उचलली नाही, पण खालीही ठेवली नाही. त्याच्या मागे, झाडाखाली, तो लहान गाडा उभा होता. त्याचं तोंड आमच्याकडे होतं.

आम्ही परत आलो तर खोपडीत भांडण लागलं होतं. गुलाब पाणी मागत होता. रात्रभर तेच मागत होता. नारायण त्याच्या उशाशी बसून त्याचे हात धरून होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडानं नाही म्हणत होता. गोळ्या पोटात ठरत नव्हत्या. सारजाबाई दाराशी मडकं घेऊन उभी होती.

“बाई, तुम्ही बाजूला व्हा,” नारायण म्हणाला. “तुम्हाला ठाऊक नाही. पाण्यानं मरेल तो.”

“मले ठावं हाय,” ती म्हणाली. “माह्या घरच्याले वैद्यानं हेच सांगतलं. दोन दिवस पाणी मागत होता. पाया पडला माह्या. नवरा बायकोच्या पाया पडला, पाणी दे म्हणे. मी नाही देल्लं. मी मडकं झाकून त्याच्यावर बसली. असा कोरडा गेला तो.” तिनं मडकं पुढं केलं. “ह्याले मराचं असन तं वल्ल्या तोंडानं मरू दे.”

मी नारायणच्या बाजूनं बोललो. मला वाटलं तो शिकलेला आहे, त्यानं पाहिलेलं आहे. रहमाननं मडक्याकडे पाहिलं. तो उठला, त्यानं नारायणचे हात गुलाबच्या हातांवरून एकेक बोट सोडवून बाजूला केले, आणि सारजाबाईला वाट करून दिली.

आमची मशक केव्हाच संपली होती. मडक्यात तिच्या विहिरीचं खारं पाणी होतं. रात्री चुलीवर भात शिजवायला ठेवलं होतं आणि तांदूळ टाकायचे राहून नुसतं पाणीच उकळलं होतं. गुलाबनं पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं, इतकं ते खारट. तेव्हा रहमाननं आपल्या ढेपेतला गूळ फोडून त्यात कुस्करला. तो ओकला. तिनं पुन्हा दिलं. तो पुन्हा ओकला. तिनं पुन्हा दिलं. ती नुसती देत राहिली, एखाद्या लेकराला घास भरवावा तशी, आणि तिचं लक्ष बहुधा गुलाबकडे नव्हतंच.

नारायण उठून बाहेर गेला. मी त्याच्यामागे गेलो. तो तट्टावर खोगीर चढवत होता.

“अकोटला सरकारी दवाखाना आहे,” तो म्हणाला. “डॉक्टर नाहीतर निदान गोळ्या आणतो. तोवर जमेल तेवढं पाणी थांबव, शंकर.”

“वाटेत गावं सोडणार नाहीत.”

“रानातून जाईन.” मग लगाम हातात घेऊन म्हणाला, “माझा राग नाही त्या बाईवर. तिला सांग.”

तो कापसातून गेला. पांढऱ्या रानात त्याचा लाल रुमाल बराच वेळ दिसत होता.

ह्या उतारवयात मागे एकदा आमच्या आळीतल्या विहिरीत सरकारी माणसांनी लाल औषध टाकलं, तेव्हा मी त्यांच्यातल्या तरुण डॉक्टरला ओट्यावर बसवून विचारलं. तो म्हणाला, आजोबा, हा रोग पाण्यातूनच येतो, आता ते नक्की झालं आहे. मी विचारलं, आणि जातो कशानं? तो हसला. म्हणाला, त्यावर अजून वाद आहेत. मी त्याला खाऱ्या विहिरीची आणि गुळाची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतली, म्हातारे सांगतात त्या गोष्टी ऐकतात तशी. मी वैद्य नाही. गुलाब कशानं वाचला हे मी सांगू शकत नाही. काही माणसं काहीच न करता वाचतात. एवढं खरं की दुसऱ्या दिवशी त्याच्या हातांना ऊब आली, तिसऱ्या दिवशी तो भाकरीचं नाव काढू लागला. सारजाबाईनं ते ऐकलं आणि खोपडीबाहेर जाऊन, आमच्याकडे पाठ करून, पहिल्यांदा रडली. आमच्यापैकी कोणी तिच्याजवळ गेलं नाही. तिच्या घरच्याला त्या मडक्यातलं पाणी मिळालं असतं तर, हा विचार आम्हा तिघांच्या मनात एकाच वेळी आला होता, आणि तिच्या मनात तो आमच्या कितीतरी आधी आला असणार.

नारायण आला नाही. एक दिवस वाट पाहिली, मग आणखी एक. गुलाब घोडीवर टेकून बसू लागला तसे आम्ही अकोटच्या वाटेला लागलो. सारजाबाईला आमच्याबरोबर चला म्हटलं. ती म्हणाली, कापूस राह्यला आहे. निघताना मागे पाहिलं तर ती वेचतच होती.

गावं टाळत, वावरांतून, आम्ही हळूहळू चाललो. काठीवाले आता दिसत नव्हते. त्यांच्या शिवेवर कोणीच नव्हतं. अकोट जवळ आलं, सातपुडा समोर उभा राहिला, झाडंसुद्धा वेगवेगळी दिसायला लागली. पण कोणी मान वर करून पाहिला नाही. एका गावाच्या वेशीबाहेर, महारवाड्याच्या कडेला, नारायणचं तट्टू बांधलेलं होतं. त्याच्यापुढे ताजा कडबा होता.

झोपडीतून एक माणूस बाहेर आला. वेशीची राखण करणारा येसकर होता तो. सटवाजी नाव सांगितलं. पन्नाशीचा असेल. आम्हाला पाहून तो हात जोडून लांबच उभा राहिला आणि आम्ही काही विचारायच्या आत बोलायला लागला, जणू ते शब्द त्यानं किती दिवस तयार ठेवले होते.

“रावसाहेब वापस येऊन राहिले होते, अकोटून. इथं तट्टावरून पडले. गावानं दार लावलं. म्या उचलून आत आनलं. बामण हाय हे गळ्यातल्या जानव्यावरून समजलं मले, पण बाहेर कसं टाकू? एक रात अन् एक दिवस होते.” त्यानं कनवटीतून कातडी पिशवी काढून जमिनीवर ठेवली. ती नव्या गोळ्यांनी भरलेली होती. “गावचं कोणी आलं नाही. मंग म्याच जाळलं. आमच्या हातानं व्हाले नाही पायजे होतं. चुकलं असन तं माफी करा.”

रहमान खाली बसला.

सटवाजी अजून हात जोडूनच होता. त्याला आणखी काही सांगायचं होतं आणि ते निघत नव्हतं. शेवटी तो जमिनीकडे पाहत म्हणाला, “म्या पाणी देल्लं होतं. लय डाव देल्लं. ओठ फाटले होते त्याहिचे, पण तोंड फिरवून घे. धुतलेलं गाडगं होतं, नवं. म्या म्हटलं, रावसाहेब, जीव चालला, आता कायची जात? तरी नाही घेतलं.” त्यानं झोपडीच्या दाराकडे पाहिलं. “माह्या हातचं म्हून नाही घेतलं.”

“नाही,” रहमान म्हणाला. तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की तट्टू बिचकलं. “तसं नाही, बाबा. माह्या मशकीतलं पाणी पेला तो. अमरावतीपासून, रोज. घरी सांगू नका म्हणे, अन् पेये. त्याले वाटे का ह्या दुखण्यात पाणी पेलं का माणूस मरते. डॉक्टरनं सांगतलं होतं. ह्या गुलाबलेबी देऊ देत नव्हता. जीव वाचवाले नाही पेला तो. तुह्यामुळं नाही.”

सटवाजीनं वर पाहिलं. खरं बोलतोय की समजूत काढतोय हे तो रहमानच्या चेहऱ्यावर शोधत होता. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याचे जोडलेले हात हळूहळू सुटले आणि दोन्ही बाजूंना लोंबत राहिले. तो झोपडीच्या भिंतीला टेकला.

“म्या सात-आठ डाव देल्लं होतं,” तो पुन्हा म्हणाला, पण आता वेगळ्या आवाजात.

गुलाब अजून घोडीवरच होता. पाटलाचा मुलगा, त्याच्या गावात महारवाड्याची सावलीसुद्धा चुकवून चालायची रीत होती आणि त्यानं ती जन्मभर पाळली होती. तो घोडीची आयाळ धरून कसाबसा खाली उतरला. मी आधार द्यायला गेलो तर त्यानं माझा हात बाजूला केला आणि चालत सटवाजीच्या समोर जाऊन उभा राहिला.

“मले पाणी दे, सटवाजी,” तो म्हणाला.

सटवाजी जागचा हलला नाही. त्यानं आधी गुलाबकडे पाहिलं, मग बंद असलेल्या वेशीकडे. नंतर तो वाकून आत गेला आणि दोन्ही हातांनी गाडगं धरून बाहेर आला. काठोकाठ भरलेलं होतं, चालताना थोडं सांडत होतं. ते पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या डोहातलं, हे आम्ही कोणी विचारलं नाही. गुलाबनं गाडगं तोंडाला लावलं, आणि आम्ही दोघं आपली पाळी यायची वाट पाहत उभे राहिलो.